काटे काढलेला आशिया

मला 'एशियन' या शब्दाचा राग येतो. आशिया खंडाचा नव्हे, मेन्यूकार्डावरच्या 'एशियन'चा. पुण्यात, म्हणजे भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकाप्रमाणे आशियातच बसून, आपण एकमेकांना विचारतो, "आज एशियन खायचं का?" मग काल रात्रीचा वरणभात काय स्वीडिश होता?

असो. शब्दावरून भांडायला मी कधीही तयार असतो, पण आजचा मुद्दा तो नाही. मुद्दा माशाचा आहे. गेल्या वर्षभरात ज्यांच्या ज्यांच्या घरी मी 'एशियन फिश डिनर' जेवलो (सगळे आपल्यातलेच, आयटीतले, बॅचलर किंवा नुकतंच लग्न झालेले), त्या सगळ्यांकडे हुबेहूब एकच ताट होतं. बासाचे दोन पांढरे फिले, त्यावर टेरियाकीची बाटली, शेजारी जास्मिन राइस, बॉक चॉयची चार पानं, वरून तीळ. सगळं सामान फोनवरून दहा मिनिटांत घरपोच. फोटो छान येतो, यात वाद नाही. चव मात्र बाटलीची येते. फिलेच्या जागी पनीर ठेवलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. यजमानांनी क्षमा करावी, पण खाल्ल्या मिठाला जागून खोटं बोलणं मला जमत नाही :-)

माझं म्हणणं असं की हे ताट एशियनही नाही आणि धड माशाचंही नाही. ते घाबरलेल्या माणसाचं ताट आहे. काट्याला घाबरलेल्या, वासाला घाबरलेल्या, बाजाराला घाबरलेल्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे शेजाऱ्याला घाबरलेल्या.

आधी त्या बासाचं बघू. आपल्याकडे 'बासा' म्हणून जो मासा मिळतो तो बहुतेक वेळा पंगास असतो. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात त्याची प्रचंड शेती होते, आणि आपल्याकडे आंध्रातही होते. मासा वाईट आहे असं मी म्हणत नाही. व्हिएतनामी लोक त्याच जातकुळीचा मासा मातीच्या भांड्यात, जळवलेली साखर, फिश सॉस आणि मिरी घालून, काट्यासकट जाड तुकडे करून शिजवतात, आणि तो रस भातावर घेतात. तो पदार्थ खाऊन बघा, माशाचा अपमान कसा करू नये ते कळेल. आपण त्याच माशातून कातडी काढली, काटा काढला, डोकं काढलं, चरबी काढली, आणि जे उरलं त्यावर बर्फाचा थर चढवून पाकिटात भरलं. पाकिटाच्या मागे 'बर्फाशिवाय निव्वळ वजन' अशा अर्थाचं काहीतरी बारीक अक्षरात असतं. ते एकदा वाचा.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर फिले म्हणजे कंपाइल केलेली बायनरी. चालते, पण आत काय आहे ते तुम्हाला बघता येत नाही. अख्खा मासा म्हणजे सोर्स कोड. डोळे बघा: फुगीर आणि चकचकीत की खोल गेलेले? कल्ले उचलून बघा: लाल की तपकिरी? बोटाने दाबा: मांस परत वर येतं की खड्डा राहतो? तीस सेकंदांत कोड रिव्ह्यू पूर्ण. शिवाय अख्खा मासा त्याचं वयही सांगतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी 'यापेक्षा लहान पकडायचे नाहीत' अशी किमान लांबी ठरवली. कारण उघड आहे. अंडी घालण्याआधीच पिल्लं उचलली तर पुढच्या वर्षी समुद्रात काय राहणार? तळहाताएवढंही नसलेलं पापलेट बघून तुम्ही 'नको' म्हणू शकता. पांढऱ्या चौकोनी तुकड्याला काय म्हणणार?

आता त्याहून गंमत. बड्या 'पॅन-एशियन' रेस्तराँमध्ये 'थाई स्टाइल स्टीम्ड सी बास विथ लाइम' मिळतो. बिल हजाराच्या वर. थायलंडमध्ये हा पदार्थ ज्या माशाचा करतात त्याला तिथे 'प्ला कपोंग' म्हणतात, इंग्रजीत बॅरामुंडी किंवा एशियन सी बास. मराठीत? जिताडा! अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराशेजारच्या तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या जो वाढवतात, तोच. (विषयांतर: हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाला की मादी होतो. खाऱ्या पाण्यातही राहतो, गोड्यातही. इतका लवचिक कर्मचारी कुठल्याही एचआरला आवडेल.) म्हणजे पुण्यातला माणूस ताम्हिणी घाट उतरून रायगडात पाऊस बघायला जातो, परत येऊन थाई सी बास मागवतो, आणि येताना वाटेवर जिताड्याचं तळं होतं याचा त्याला पत्ताच नसतो.

बांगड्याचंही तेच. थायलंडमधल्या कुठल्याही बाजारात बांबूच्या छोट्या गोल टोपल्यांत मान मुरगळून बसवलेले उकडलेले मासे दिसतात. त्यांना 'प्ला थू' म्हणतात. तो आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ, एकाच प्रजातीकुळातला. साधा थाई माणूस घरी जेवतो ते हे: प्ला थू, झणझणीत ठेचा, कच्च्या-उकडलेल्या भाज्या आणि भात. बघा, 'एशियन फिश डिनर विथ राइस अँड ग्रीन्स'! आणि आपल्याकडे बांगडा म्हटलं की चेहरे वाकडे. "अरे, बांगडा फार स्ट्राँग असतो ना." स्ट्राँग म्हणजे काय रे भाऊ? त्याला चव असते.

सामनचं तर बोलूच नका. जपानी लोक परंपरेने सामन कच्चा खात नसत, कारण तिकडच्या सामनमध्ये परजीवी असतात. सुशीत सामन आला तो नॉर्वेने १९८० च्या दशकात जपानमध्ये चिकाटीने मार्केटिंग केलं म्हणून. तेव्हा 'ऑथेंटिक एशियन' म्हणून ज्याचे पैसे मोजता तो नॉर्वेच्या सेल्स टीमचा विजय आहे. मी त्यांना सलाम करतो, पण बिल भरत नाही.

इथे कुणीतरी म्हणेलच, की तू कोकणातला असशील, तुला सोपं आहे. नाही हो. मी साताऱ्याचा. आमच्याकडे मासा म्हणजे आठवडी बाजारातलं सुकट आणि बोंबील, आणि कधीमधी नदीचा मासा. अख्खा मासा वाफवायला मी शिकलो सिंगापूरला ऑनसाइट असताना, आठ महिन्यांत, टीममधल्या एका तिओच्यू चिनी सहकाऱ्याकडून. त्याच्या घरी पापलेट वाफवतात: वर आलं, टोमॅटो, खारवलेली मोहरीची पानं आणि खारवलेला आंबट प्लम. मी पुण्यात प्लमऐवजी दोन आमसुलं घालतो आणि ते मला जास्त आवडतं. तेव्हा शुद्धतेचा आग्रह धरणारा मी नाही. सिंगापुरातली प्रसिद्ध फिश हेड करी हीसुद्धा मल्याळी हात आणि चिनी जिभा यांचीच भानगड आहे. एकमेकांचं उचलणं हा या खंडाचा जुनाच धंदा. फक्त उचलताना मासा तरी उचला, नुसती बाटली नको.

आता वासाचं बोलू, कारण खरी गाठ तिथे आहे.

समुद्रातल्या माशाच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं संयुग असतं. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि ज्याला आपण 'माशाचा वास' म्हणतो तो हा. म्हणजे वास माशाचा नसतो, शिळेपणाचा असतो. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, बस्स. गोड्या पाण्यातल्या माशांत हे संयुग फारच कमी, म्हणून बासा 'ओडरलेस'. आणि हे ट्रायमिथिलअमाइन अल्कलीधर्मी आहे. त्यावर आम्ल घातलं की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर... अख्ख्या आशियाने माशाला आंबट का लावलं, याचं हे एक उत्तर. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र शिकवायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट. घरात जो वास तीन दिवस राहतो तो तळण्याचा असतो. गरम तेलाचे बारीक थेंब हवेत उडतात, पडद्यांवर आणि सोफ्यावर बसतात. वाफवताना झाकण बंद, तापमान शंभर अंश, वेळ दहा मिनिटं. चाळिशीतल्या दोन बीएचकेमध्ये, एक्झॉस्ट फॅन खराब असताना, मी हे केलेलं आहे. वास येतो तो आल्याचा आणि कांद्याच्या पातीचा. म्हणजे ज्यांना शेजाऱ्यांची भीती वाटते त्यांच्यासाठी खरी 'एशियन' पद्धत हाच उपाय आहे, आणि नेमकी तीच सोडून आपण पाकिटाकडे पळतो.

पण ही भीती नाकाची असती तर प्रश्न इथेच मिटला असता. चार वर्षांत मी तीन फ्लॅट बदलले. दर वेळी ब्रोकरचे पहिले तीन प्रश्न तेच: बॅचलर का, कंपनी कुठली, आणि "व्हेज ना?" एका मालककाकांनी माझा फॉर्म वाचून प्रेमाने सांगितलं, "आडनावावरून तर तुम्ही व्हेज वाटता." मी म्हटलं, "काका, मी मासे खातो." काका म्हणाले, "अंडं एक वेळ चालेल हो, पण मासे नकोत. लिफ्टमध्ये वास जातो." ती सोसायटी तळमजल्यापासून बाराव्या मजल्यापर्यंत लसणाच्या फोडणीने दणाणलेली होती. वासाचा प्रश्न असता तर त्यांनी आधी चिमणी बसवायला सांगितली असती. आडनाव कशाला वाचलं असतं?

आडनावावरून स्वयंपाकघर ओळखायचं आणि स्वयंपाकघरावरून घर द्यायचं की नाही ते ठरवायचं, याला 'लाइफस्टाइल प्रेफरन्स' म्हणतात म्हणे. मला त्याला दुसरा शब्द सुचतो, पण तो तुम्हालाही सुचला असेल. आणि या राजकारणात आपण, म्हणजे चांगल्या पगाराची, स्वतःला मोकळी समजणारी पोरंपोरी, काय करतो? 'हो काका, व्हेजच' असं सांगून चावी घेतो. मग मासा बाहेर खातो, एसीत, हजार रुपयांत, जिथे त्याला 'सी बास' म्हणतात. घरी आणलाच तर असा आणतो की त्यात मासा असल्याचा पुरावा राहू नये. काटा नाही, खवला नाही, वास नाही. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा काही सापडत नाही. आमच्या एका जुन्या ऑफिसात तर पँट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करू नका असं सगळ्यांना मेल आलं होतं. त्याच ऑफिसची टीम डिनर्स मात्र सुशी खायला जायची. बासाचा फिले हा स्वयंपाकातला पर्याय नाही, ते भाडेकराराचं एक कलम आहे.

माझं सरळ म्हणणं आहे: लपवू नका. फ्लॅट घेतानाच सांगा. एखादा फ्लॅट जाईल, माझा गेलाच. पण आपल्याला दुसरा मिळतो. पगाराच्या स्लिपा आपल्याकडे आहेत, ज्यांना खरोखर घर मिळत नाही त्यांच्याकडे त्या नाहीत. आपणच 'हो काका' म्हटलं तर मालकाला हा प्रश्न विचारायची सवय कधी सुटणार?

बरं, आता करायचं काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल नुसताच बोलला.

गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटला जा. माणशी एक बांगडा, किंवा दोघांत अर्धा किलोचं एखादं पापलेट, किंवा नशीब असेल तर जिताडा. मावशींना सांगा, "अख्खाच द्या, खवले काढा, पोट साफ करा, तुकडे नकोत." मावशी विचारतील, "तुकडं नाय? मग शिजवशील कसा, बाळा?" सांगा वाफेवर. एक तर हसतील, नाहीतर त्यांची स्वतःची पद्धत सांगतील. ती लक्ष देऊन ऐका, हे ज्ञान पाकिटावर छापलेलं नसतं.

घरी आणून दोन्ही बाजूंनी तिरक्या दोन-तीन चिरा द्या. मीठ अगदी थोडं. खाली आल्याच्या चकत्या, वर आल्याच्या चकत्या. मोठ्या कढईत पाणी उकळा, मध्ये तिवई किंवा वाटी उपडी ठेवा, त्यावर माशाची खोलगट थाळी, वर घट्ट झाकण. (मोदकपात्र उत्तम चालतं, पण फोनवर हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या मोदकपात्राला हात लावून तर बघ." तेव्हा कढई.) पाणी खळखळल्यावरच मासा आत ठेवायचा. हिशोब असा: सगळ्यात जाड भागाची जाडी अडीच सेंटिमीटर असेल तर दहा मिनिटं. बांगड्याला सात-आठ पुरतात. काट्याजवळचं मांस सुरीने सहज सुटलं की झालं.

थाळीत जमलेलं पाणी ओतून टाका. हे कुणी सांगत नाही आणि इथेच घोटाळा होतो, उरलासुरला उग्र वास त्या पाण्यात असतो. आता माशावर आल्याच्या बारीक काड्या, कांद्याची पात उभी चिरून, कोथिंबीर, हिरवी मिरची. दोन चमचे तेल धूर येईपर्यंत तापवा आणि थेट त्या पातीवर ओता. चर्र आवाज आला पाहिजे. मग दोन चमचे सोया सॉस, चिमूटभर साखर, अर्धं लिंबू. संपलं. कँटनपासून सिंगापूरपर्यंत लाखो घरांत मासा साधारण असाच होतो, आणि फोडणी वरून ओतणं आपल्याला काही कुणी शिकवायला नको.

विकत घ्यायची एकच गोष्ट: बरा सोया सॉस. गाडीवरच्या मंचुरियनसाठी मिळतो तो काळा कॅरॅमल रंगाचा नको. बाटलीवर पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच लिहिलेलं असेल तो घ्या. थोडा महाग पडेल, पण टेरियाकीची बाटली वाचली की त्यात भागतं. टेरियाकी म्हणजे शेवटी सोया, साखर आणि मिरिन ही जपानी गोड दारू. त्यातली चकाकी साखरेची असते.

भात आंबेमोहर. जास्मिनला मी नावं ठेवत नाही, पण आपल्याकडे मऊ, किंचित चिकट, सुवासिक तांदूळ असताना बँकॉकहून पोती कशाला? काट्या-चमच्यांऐवजी काड्यांनी खायची हौस असेल तरी आंबेमोहर उचलला जातो.

आणि पालेभाजी. रेस्तराँमध्ये 'मॉर्निंग ग्लोरी' म्हणून जी लसणावर परतलेली भाजी मिळते ती म्हणजे आपली नाळीची भाजी. अक्षरशः तीच वनस्पती. तळ्याकाठी उगवते, मंडईत कधीकधी एखाद्या म्हातारीच्या टोपलीत दिसते, आणि आपण तिला ओलांडून बॉक चॉय कुठे मिळेल ते शोधतो. मोठी आच, भरपूर ठेचलेला लसूण, दोन मिरच्या, थोडा सोया, दीड मिनिट. झाकण ठेवायचं नाही. नाळी नाही मिळाली तर लाल माठ. चिनी लोकही माठ लसणावर परततात आणि त्याचं गुलाबी पाणी भातात कालवून खातात. लहानपणी आपण नेमकं हेच करायचो आणि ओरडा खायचो.

काट्यांचं काय? पापलेटला मधला एक सांगाडा असतो, चमच्याने वरचं मांस सुटतं, मग शेपटीकडून काटा उचलला की अख्खा निघतो. बांगड्याला थोडे जास्त, पण मोठे. त्यासाठी हळू खावं लागतं, आणि फोन बाजूला ठेवावा लागतो. ज्यांना हा तोटा वाटतो त्यांनी खुशाल बासा खावा.

एक मात्र पाळा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत 'ताजं समुद्राचं पापलेट' कुणी विकत असेल तर ते कुठून आलं ते आधी विचारा. तेव्हा तळ्यातला जिताडा बघा, किंवा अंडाकरी करा. नारळी पौर्णिमेनंतर बाजार पुन्हा भरतो. रविवारी आठच्या आत पोचा, नवानंतर गर्दी असते आणि चांगला बांगडा संपलेला असतो.